नंबर जागा ठेवणाऱ्या बायका

मी समाजशास्त्र घेतलं ते विषयाच्या ओढीनं, असं मी पुढं नोकरीच्या मुलाखतींत बिनदिक्कत सांगत आले. खरं कारण वेगळं आहे. इतिहासाच्या वर्गात आमच्या गावची तीन पोरं होती आणि मी कुणाशी बोलते, कुठल्या एसटीनं येते, याच्या बातम्या ती संध्याकाळपर्यंत आमच्या ओसरीवर पोचवणार हे ठरलेलं होतं. समाजशास्त्राच्या वर्गात गावचं कुणी नव्हतं. तेवढ्यावर मी माझा विषय निवडला. भाऊ दोन दिवस हसत होता. समाज काय शिकायची गोष्ट आहे का, तो पारावर बसलेला दिसतोच की, असं त्याचं म्हणणं. वडिलांनी विषयाचं नाव दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा विचारायचं सोडून दिलं.

मला कॉलेजात धाडलं ते माझ्या थोरल्या चुलतीनं. आम्ही तिला काकू म्हणायचो. चुलते लवकर गेले, तेव्हापासून शेताचा तुकडा, गाय, म्हैस आणि मुलाचं शिक्षण तिनं एकटीनं ओढलं. तिचं आणि आमचं घर एका भिंतीचं. बारावीनंतर माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं तेव्हा ती भिंतीपलीकडून उठून आली आणि वडिलांना म्हणाली की भावजी, घरात एक तरी बाई कागद वाचणारी पाहिजे, लोकांच्या तोंडाकडं किती दिवस बघायचं. वडील तिचा शब्द मोडत नसत. मग रोज सकाळी गावातून चौसाळ्यापर्यंत जीपनं आणि पुढं हायवेच्या एसटीनं बीडला, असं माझं सुरू झालं.

पहिली दोन वर्षं आम्ही टाचणं उतरवली. विवाहाचे प्रकार, कुटुंबाचे प्रकार, जातीची वैशिष्ट्यं एक ते सात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याला पुस्तकात एक लांबलचक नाव होतं, आमच्याकडं त्याला नुसतं लग्न म्हणत. मी ते नाव पाठ करून घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, एवढं अवघड कावून करून ठेवलंय.

तिसऱ्या वर्षी सामाजिक मानवशास्त्राचा पेपर आला आणि त्याच्याबरोबर नवे सर आले. तरुण, परजिल्ह्यातले, तासिकेवर नेमलेले. कायम होतील की नाही याची टांगती तलवार त्यांच्यावर होती, हे वर्गातल्या बाकांनासुद्धा माहीत होतं. पण ते शिकवायचे असे की घंटा झालेली कळायची नाही. त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं, गाईड बंद करा आणि तुमच्या आईनं आज सकाळी पहिलं पाणी कुणाला दिलं ते सांगा. आम्हाला कुणालाच सांगता आलं नाही. त्या दिवशी एसटीत मला बसायला जागा मिळाली नाही तरी ते कळलं नाही. मी त्या माणसाच्या शिकवण्याच्या प्रेमात पडले, हे लपवण्यात अर्थ नाही. तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं की आमच्या घरात, आमच्या गोठ्यात काही बघण्यासारखं असतं.

त्या वर्षी पावसानं दुसऱ्यांदा दगा दिला होता. वर्ग अर्धा रिकामा होता, कारण ऊसतोडीला गेलेल्या घरांतली पोरं आईबापांबरोबर निघून गेली होती. गावात टँकर चालू झाले होते. सरांनी उरलेल्या आम्हा मुलांना प्रकल्प दिला. आपापल्या गावातली एक संस्था घ्या, तिथं जाऊन बसा, आणि लोक कागदावर काय करतात आणि प्रत्यक्षात काय करतात ते लिहा. त्यांनी फळ्यावर तीन नियम लिहिले. त्यातला एक मला तोंडपाठ आहे. माहिती देणाऱ्याचं नाव वहीत येऊ द्यायचं नाही, त्याला क्रमांक द्यायचा. नाव कळलं तर माणूस उघडा पडतो, असं ते म्हणाले, आणि उघडा पडलेला माणूस पुन्हा कधी आपल्याशी बोलत नाही.

मी डेअरी घेतली. गावात सहकारी दूध संस्था होती, तिला सगळे डेअरीच म्हणायचे. सकाळ-संध्याकाळ बायका चरव्या घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. सचिव दूध मापायचा, फॅटसाठी बाटलीत नमुना घ्यायचा आणि कार्डावर आकडा टाकायचा. तिथं कुणी कुणाला नावानं हाक मारत नसे. प्रत्येक सभासदाचा नंबर होता आणि वर्षानुवर्षं तोच चालत आलेला. काकू सदतीस. "सदतीस, झाकण काढा," असं सचिव म्हणायचा. काही बायकांना गावात त्यांच्या नावापेक्षा नंबरानं जास्त ओळखत.

मी वही घेऊन ओट्यावर बसले की बायका टिंगल करायच्या. ही आता आपल्या दुधाचं फॅट सोडून आपलंच फॅट काढायला बसली, असं एक जण म्हणाली आणि सगळी रांग हसली. आठवडाभर मी मापं आणि वेळा लिहीत होते. मग एका सकाळी माझ्या लक्षात आलं की काकूच्या हातात दोन भांडी आहेत. चरवीतलं दूध तिनं सदतीसवर घातलं. दुसऱ्या हातातल्या तांब्यातलं दूध तिनं चौदा नंबरवर घातलं. चौदा म्हणजे बौद्ध वस्तीतली एक बाई. तिची म्हैस चाऱ्यापायी आटली होती आणि ती त्या वेळी डेअरीत नव्हतीच, रोजगार हमीच्या कामावर गेली होती.

मी घरी येऊन विचारलं. काकू आधी नुसती हसली. मग सांगू लागली. डेअरीच्या नियमात असं होतं की वर्षातले अमुक इतके दिवस स्वतःच्या जनावराचं दूध घातलं तरच सभासद क्रियाशील. क्रियाशील असेल त्यालाच मत, आणि टंचाईत संस्थेकडून येणारा चारा आणि पेंडही त्यालाच आधी. दुष्काळात ज्याचं जनावर आटलं, त्याचा नंबर झोपायचा. एकदा झोपला की पुन्हा उठवायला संचालकांच्या हातापाया पडायचं. म्हणून बायकांनी आपसात एक रीत पाडली होती. जिची गाय दुभती आहे तिनं तांब्याभर दूध शेजारणीच्या नंबरवर घालायचं. या रीतीला त्या "नंबर जागा ठेवणं" म्हणायच्या. पुढच्या वेतात हिची आटली की तिनं हिचा जागा ठेवायचा. हे कुठं लिहिलेलं नव्हतं आणि पुरुषांना ठाऊक असूनही ते त्यात पडत नसत. सचिव तर बोलायचाच नाही, त्याच्या आईचा नंबर गेली दोन वर्षं कुणीतरी असाच जागवत होतं.

मला वाटलं, हेच ते. कागदावर एक आणि प्रत्यक्षात एक. मी वेडी झाले आनंदानं. पुढचे तीन आठवडे मी घरोघर फिरले. कोण कुणाचा नंबर जागवते, केव्हापासून, नातं काय, आळी कोणती, जात कोणती. बायकांनी मला सगळं सांगितलं. शेण काढता काढता, टँकरच्या रांगेत घागरीवर बसून, मला समोर बसवून चहा देत सांगितलं. मी सरांनी शिकवल्याप्रमाणे बाईसाठी वर्तुळ काढलं आणि वर्तुळापासून वर्तुळाकडं बाण. अकरा वर्तुळं अशी होती की त्या वर्षी त्यांच्याकडं नुसते बाण येत होते, त्यांच्यातून दूध निघत नव्हतं. त्यांची जनावरं आटलेली होती किंवा बाजारात गेली होती.

आणि नाव लिहायचं नाही म्हणून मी प्रत्येक वर्तुळात क्रमांक टाकला. कुठला टाकायचा याचा मला विचारही करावा लागला नाही. चौदाला चौदा, सदतीसला सदतीस. त्यांचे ते क्रमांक होतेच की आयते. त्यातल्या कुणाला तरी मी मनानं दुसरी संख्या घालीन, हे मला सुचलंच नाही, कारण त्या बायका माझ्या डोक्यात त्याच आकड्यांनी उभ्या होत्या.

वहीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची राहिली आणि ती सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरं नाही. आधीची वर्षं धरली तर काकू आणि चौदा नंबर यांच्यात बाण दोन्हीकडून होता. एकमेकींचा नंबर त्यांनी वर्षानुवर्षं जागा ठेवलेला. पण काकूनं तिच्या घरी कधी चहा घेतला नव्हता, आणि ती आमच्याकडं आली तर तिचा कप वेगळा होता, तो गोठ्याच्या कोनाड्यात असायचा. हे मी वहीत लिहिलं नाही. त्या पानावर मी छान अक्षरात "परस्पर विश्वास" असं लिहिलं आणि पुढं गेले.

काकू मला लिहिताना बघायची. एकदा म्हणाली, "लिवायचं तर लिव बाई. पर कुणाला दाखवू नको."

मी म्हटलं, सरांना दाखवावी लागेल.

ती म्हणाली, "सर गुरू हायत तुझे. त्यांना दाखव."

हे सगळं चाललं असताना डेअरीची निवडणूक जवळ आली. डेअरीच्या मागं कॅन धुण्यासाठी घेतलेलं बोअर होतं. गावातली बाकीची बोअर नुसती हवा सोडत होती, पण ते अजून पाणी देत होतं. त्यावर जनावरांसाठी बांधलेला हौदही होता. चेअरमननं त्या हौदाला जाळी बसवून कुलूप घातलं आणि पाणी पाइपनं त्यांच्या मोसंबीच्या बागेत जायला लागलं. बायका टँकरचं पाणी आपण कमी पिऊन जनावरांना पाजत होत्या. चेअरमन म्हणजे गावातलं मोठं घर. बायकांसाठीच्या दोन राखीव जागांवर त्यांची बायको आणि भावजय संचालक होत्या, आणि त्या दोघी मी तरी कधी डेअरीच्या ओट्यावर पाहिल्या नाहीत.

बायकांनी ठरवलं की एका जागेवर काकूनं उभं राहायचं. काकू मागं-पुढं बघत होती, मग तयार झाली. तिचं म्हणणं एकच होतं. "आपल्याला काय खुर्ची उबवायची न्हाई. पयला ठराव हौदाच्या कुलपाचा. मंग मला काढा म्हनलात तरी चालंल." गावात मतांची जुळवाजुळव सगळ्यांना तोंडपाठ असते. ती अकरा आटलेली घरं काकूच्या बाजूची होती आणि ती धरली तर काकू निवडून येत होती.

मी वही सरांना दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्टाफरूममध्ये बोलावून इतर प्राध्यापकांसमोर माझं कौतुक केलं. खरी, गावात बसून गोळा केलेली माहिती, असं ते म्हणाले. मग बाणांच्या पानावर बोट ठेवून विचारलं की हे क्रमांक सलग का नाहीत. मी फुशारकीनं सांगितलं की सर, हे त्यांचे डेअरीचेच नंबर आहेत. ते हसले. "हुशार आहेस," म्हणाले. वही चार दिवस राहू दे माझ्याकडं, नीट वाचतो. मी त्या दिवशी बीड बसस्थानकावर उसाचा रस प्याले, एकटीनं, स्वतःच्या आनंदासाठी.

आमच्या कॉलेजच्या संचालक मंडळावर आमच्या डेअरीचे चेअरमन होते. हे मला माहीत होतं. कॉलेजच्या फाटकावरच्या पाटीत त्यांचं नाव होतं आणि मी तीन वर्षं त्या पाटीखालून जात होते. दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायला शिकवणाऱ्या विषयाची मी विद्यार्थिनी, आणि या दोन गोष्टी मी शेजारी ठेवल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी मतदारांची कच्ची यादी डेअरीच्या भिंतीवर लागली आणि तिच्यावर एक हरकत आली. हरकतीबरोबर झेरॉक्स जोडलेली होती. सचिवानं ती काकूच्या हातात दिली आणि काकूनं ती माझ्या हातात दिली, कारण घरात कागद वाचणारी मी होते. माझंच अक्षर. माझी वर्तुळं, माझे बाण, पट्टीनं आखलेली समासाची रेघ. अकरा वर्तुळांवर कुणीतरी लाल पेनानं खुणा केल्या होत्या. वर लिहिलं होतं की खालील सभासद स्वतःच्या जनावराचं दूध घालत नाहीत, सबब त्यांना मतदानाचा अधिकार नाही. मी पहिली ओळ मोठ्यानं वाचली आणि पुढं वाचता येईना. काकूनं कागद परत घेतला. तिला वाचता येत नव्हतं, पण माझं अक्षर तिनं माझ्या लहानपणापासून पाहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडं गेले. रडायचं नाही असं एसटीत ठरवलं होतं आणि दारातच रडू फुटलं. सरांनी दार लोटून घेतलं. म्हणाले, मंडळाच्या सदस्यांना आपल्या विद्यार्थ्यांचं काम दाखवण्यात गैर काय. त्यांनी आस्थेनं मागितलं. ते काय करतील हे मला कसं कळणार. मी म्हटलं, तुम्हीच सांगितलं होतं की माणूस उघडा पडता कामा नये. तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे म्हणाले, "मी क्रमांक द्यायला सांगितलं होतं. ते क्रमांक कशाचे आहेत, हे तू मला कधी सांगितलंस?"

स्टाफरूममध्ये चार माणसांसमोर मी सांगितलं होतं. ते हसले होते. आता ते असे बघत होते की मलाच क्षणभर शंका आली, सांगितलं होतं ना? एखाद्यानं दगा द्यावा एवढं कदाचित मी समजू शकले असते, नोकरीपायी माणसं काय काय करतात. पण त्यांनी माझी आठवणसुद्धा माझ्यापासून काढून घ्यायचा प्रयत्न केला. त्या गोष्टीचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. हरकतीची सुनावणी होईल, तुला बोलावतील. तिथं जे लिहिलंस त्यावर ठाम राहा. तू वही खोटी म्हणालीस तर प्रकल्प खोटा ठरतो, आणि खोट्या प्रकल्पावर मला सही करता येणार नाही. मग निकालाचं काय ते तूच बघ.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी काकू गाईची धार काढत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. त्या दिवसापासून ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलत होती, जेवलीस का, एसटी वेळेवर आली का. तिनं धार थांबवली नाही. म्हणाली, "उद्या तुला इचारतील."

मी मान हलवली.

"वही खोटी हाय म्हनू नको. तू लई मेहनत केली, मी बघितलं. फक्त ते नंबर तुझ्या वहीचे हायत म्हन. तुला वाटलं तसे तू घातले. एवढंच म्हन, बाकी सगळं खरं सांग."

किती सोपं होतं ते. त्या एका वाक्यानं ती वर्तुळं पुन्हा नुसती वर्तुळं झाली असती. सरांनी सांगितलेला नियमही तोच होता, मी तो पाळला असं म्हणायचं होतं फक्त. मी हो म्हटलं. तिनं चरवीवर फडकं टाकलं आणि आत गेली.

सहकार खात्याचं कार्यालय बीडला, एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. अकराही बायका आल्या होत्या, काकू आली होती. एका टेम्पोतून आल्या होत्या आणि जिन्यात बसल्या होत्या, कारण आत तेवढ्या खुर्च्या नव्हत्या. चेअरमनचे वकील होते. सर होते. ते कशाला आले होते हे मला अजून कळलेलं नाही, पण ते खिडकीपाशी उभे होते आणि मला बघून त्यांनी मान लववली, वर्गात मी बरोबर उत्तर दिलं की लववायचे तशी.

अधिकारी साधे गृहस्थ होते. त्यांनी झेरॉक्स माझ्यापुढं सरकवली. हे अक्षर तुमचं? हो. कशासाठी लिहिलंत? कॉलेजचा प्रकल्प. मग त्यांनी एका वर्तुळावर पेन टेकवला आणि विचारलं की हे चौदा, सदतीस, बावन्न, हे क्रमांक कशाचे?

मी म्हटलं, "डेअरीचे. सभासद नंबर."

खोलीत आणखी काहीच झालं नाही. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. वकिलांनी कागद गोळा केले. दारात उभ्या असलेल्या काकूचा चेहरा मी बघितला नाही, कारण मी तिकडं बघितलंच नाही.

मी असं का म्हणाले याची कारणं मी इतक्या वर्षांत पुष्कळ तयार केली. खरं तेच सांगावं असं वाटलं, सरकारी माणसापुढं खोटं बोलायची भीती वाटली, सही अडेल, निकाल अडेल, मग लग्न. ही सगळी खरी आहेत. पण त्यांच्या तळाशी एक आहे ते असं की तोवर माझ्या आयुष्यात कुठल्या कचेरीत कुणी मला, तुम्ही लिहिलेलं बरोबर आहे का, असं विचारलं नव्हतं. सर खिडकीपाशी उभे होते. ज्या माणसानं मला फसवलं त्याच्यासमोरच मला हुशार दिसायचं होतं. दगा मला त्यांनी दिला, हे मी ओरडून सांगू शकते. पण त्यांनी बायकांना दगा दिला असं मला म्हणता येत नाही. त्यांना ते ओळखतही नव्हते. ते काम मी केलं.

जिन्यात सगळ्या उठल्या होत्या. एकेक जण खाली उतरू लागली. फक्त चौदा नंबरवाली माझ्याजवळ थांबली. तिचा आवाज अगदी साधा होता. "आमच्या वस्तीतल्या घरांचं समदं लिवलंस पोरी. तुमच्या घरातलं बी समदं लिवलं का?" उत्तराची वाट न बघता ती खाली उतरली.

अकरा नावं कटली. मग काकूनं अर्जच भरला नाही. निवडणूक बिनविरोध झाली, चेअरमनची बायको आणि भावजय संचालक म्हणून परत बसल्या. टंचाईचा चारा आला तेव्हा तो त्या अकरा घरांना मिळाला नाही. हौदाचं कुलूप तसंच राहिलं. उन्हाळ्याच्या मध्यावर काकूनं गाय नेकनूरच्या बाजारात नेली आणि रिकाम्या हातानं एसटीनं परत आली. मी घरीच होते. दावं मात्र तिनं गाईबरोबर दिलं नव्हतं, ते तिनं धुऊन खुंटीला टांगलं.

प्रकल्पाला मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. सर पुढच्या वर्षी कायम झाले. मी एम.ए. केलं, नोकरी लागली, बाहेरगावी राहिले. समाजशास्त्र सोडलं नाही, ते मला सोडता आलं नाही. मी लोकांना प्रश्न विचारण्याचंच काम करते आणि माझ्या वह्यांतले क्रमांक आता मी चिठ्ठ्या टाकून काढते. हे सहकाऱ्यांना अति वाटतं.

काकूनं मला कधी बोल लावला नाही. माझ्या लग्नात तिनं माझी ओटी भरली, माझ्या मुलीला तिनं न्हाऊ घातलं. मी एकदाच विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, "तू इचारलंस म्हनून सांगितलं व्हतं. दुसरं कुनी इचारलं असतं तर सांगितलं नसतं." आणि मग म्हणाली की हात धुऊन घे, भाकरी गार होतीय.

गेल्या वर्षी पुन्हा टंचाई होती. मी दोन दिवस गावी गेले होते आणि काकूच्या घरात चुलीपाशी बसले होते. काकू आता थकली आहे, गोठा सून बघते. बाहेरून एक शेजारीण तरातरा आली, हातात झाकलेला तांब्या होता. उंबऱ्यापाशी येऊन ती काकूला काहीतरी सांगू लागली, अमकीची म्हैस काल आटली, मग आता तिचा... एवढ्यात काकूनं हात वर करून तिला थांबवलं. माझ्याकडं न बघता, अगदी मायेनं, ती म्हणाली, "मंग ये बाई. पोरगी हाय घरात."